जिंटीच्या चाकांवरचं पॅनिअर

मॉडेल रेल्वेच्या जुन्या बाजारात दोन तऱ्हेचा माल असतो. एक कारखान्यातून तयार आलेला. त्याच्या पोटाखाली कंपनीचं नाव असतं, डबा असतो, कॅटलॉगमध्ये नंबर असतो. दुसरा घरी जोडलेला. कोणीतरी हौसेने किट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणलं, कानस घेऊन रात्री जागवल्या, रंगवलं, वर्षानुवर्षं चालवलं, आणि तो माणूस गेल्यावर घरच्यांनी सगळं एका खोक्यात भरून विकायला काढलं. या दुसऱ्या मालाचे डबे आणि सूचनापत्रकं केव्हाच रद्दीत गेलेली असतात. विक्रेता त्यावर ‘किट-बिल्ट’ एवढीच चिठ्ठी लावतो आणि किंमत पाडून ठेवतो. मला हाच माल आवडतो.

मी मूळचा पुण्याचा, सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडात स्विंडनला. नाद लागला तो कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयामुळे, आणि पुढे नोकरीने नेमकं ग्रेट वेस्टर्न या जुन्या रेल्वे कंपनीच्या गावात आणून टाकलं. १८४३ पासून १९८६ पर्यंत इथे रेल्वेचा प्रचंड कारखाना होता. आता त्याच आवारात ‘स्टीम’ नावाचं संग्रहालय आहे, आणि बाजारात फिरताना कोकणी कानावर पडते, कारण गोव्याची माणसं इथे खूप आहेत. अशा गावात राहून ग्रेट वेस्टर्नचं इंजिन विकत न घेणं अवघडच.

मी घेतलेलं इंजिन काळं होतं, सहा चाकांचं, बंकरवर, म्हणजे मागच्या कोळशाच्या पेटीवर, ब्रिटिश रेल्वेचं सिंहाचं चिन्ह, बाजूला ८४३३ हा नंबर. एक बफर गायब. चालत नव्हतं. पण हातात घेतल्यावर तळहात खाली गेला, इतकं जड. विक्रेत्याला विचारलं की किट कोणाचं, तर त्याने खांदे उडवले. त्या दिवसापासून माझा एकच उद्योग झाला, हे कोणी बनवलं ते शोधणं. जोडणारा माणूस कोण हे कळण्याची आशा नव्हतीच, पण किट विकणारी कंपनी तरी कळायला हवी. सुटा भाग हवा असेल तर कोणाकडे मागायचा हे त्यावरच ठरतं. आणि खरं सांगायचं तर, नुसती उत्सुकतासुद्धा होती.

पहिली पायरी सोपी होती, मूळ इंजिन कोणतं ते ठरवणं. हा पॅनिअर टँक. बॉयलरच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या टांगलेल्या, गाढवाच्या पाठीवरच्या गोण्यांसारख्या. ग्रेट वेस्टर्नने बेलपेअर पद्धतीची, वरून चौकोनी अग्निपेटी सरसकट वापरायला सुरुवात केल्यावर बॉयलरवर खोगिरासारखी बसणारी टाकी त्यावर धड बसेना, म्हणून हा प्रकार रूढ झाला. पॅनिअर शेकड्यांनी होते, पण माझ्या इंजिनाच्या टाक्या पुढच्या स्मोकबॉक्सच्या, म्हणजे धुराच्या पेटीच्या, मागेच थांबतात आणि सिलिंडर बाहेर दिसत नाहीत. म्हणजे ९४०० वर्ग. हॉक्सवर्थ या ग्रेट वेस्टर्नच्या शेवटच्या मुख्य यांत्रिक अभियंत्याचं हे डिझाइन. १९४७ पासून १९५६ पर्यंत अशी २१० इंजिनं तयार झाली. त्यांतली फक्त पहिली १० स्विंडनला, ग्रेट वेस्टर्नच्या नावाने. बाकीची २०० खासगी कारखान्यांनी राष्ट्रीयीकरणानंतर बांधली. डिझेल दाराशी येऊन उभं असताना वाफेची इंजिनं कंत्राटावर बांधून घ्यायची हा कारभार मला आजही कळलेला नाही. काही इंजिनं तर जेमतेम दहा वर्षं चालून भंगारात गेली. असो.

दुसरी पायरी धातू ओळखण्याची. याच वर्गाचं तयार मॉडेल लिमा कंपनीने काढलं होतं, पण ते प्लास्टिकचं, आणि अलीकडे बाखमनने काढलेलंही तसंच. त्यामुळे वजन पाहून दोन्ही बाद. जड असून तयार मालातलं असू शकतं ते मझाकचं, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचं, दाबाखाली पोलादी साच्यात ओतलेलं. मझाक कडक असतो. मी बॉडी, म्हणजे वरचं कवच, चासीवरून, म्हणजे चाकं आणि मोटार असलेल्या खालच्या सांगाड्यावरून, उतरवली, आतल्या बाजूला जिथे रंग पोचला नव्हता तिथे चाकूचं टोक हलकेच ओढलं. चकचकीत रेघ उमटली. व्हाइटमेटल!

व्हाइटमेटल म्हणजे कथील, शिसं आणि अँटिमनी यांचं मऊ मिश्रण. कमी तापमानाला वितळतं, म्हणून ते रबराच्या साच्यात ओतता येतं. साचा गरगर फिरवायचा, धातू कडेकडेला पोचतो. पोलादी साच्याच्या मानाने रबराचा साचा अगदी स्वस्त, त्यामुळे १९५० आणि ६० च्या दशकांत इंग्लंडात छोट्या छोट्या कंपन्या गॅरेजवजा जागेतून इंजिनांची किटं काढू लागल्या. कीझर मंडळींची ‘केज’, नॉर्थ वेल्समधल्या जॉर्ज मेलरची ‘जेम’, सरे परगण्यातल्या कूल्सडनची ‘विल्स फाइनकास्ट’, शिवाय ‘बेक’ आणि इतर. (या धातूत शिसं असतं, तेव्हा हाताळल्यावर हात धुवायचे आणि त्याच टेबलावर चहा-बिस्किटं घेऊन बसायचं नाही. हे नवशिक्यांना कोणी सांगत नाही.)

मग नाव शोधायला लागलो. फुटप्लेटच्या खाली, छताच्या आत, टाक्यांच्या पोटात, बंकरमध्ये. रंग होता तिथे कापसाच्या बोळ्याने डेटॉल लावून ठेवलं. भारतात जखमेला लावतो तेच डेटॉल इकडे मॉडेलवाले जुना रंग उतरवायला सर्रास वापरतात. फक्त त्यावर लगेच पाणी ओतायचं नसतं, नाहीतर रंगाचा चिकट लगदा होऊन बसतो. आधी ताज्या डेटॉलनेच पुसायचं, मग पाणी. रंग निघाला, खाली करडा धातू दिसला. नाव नाही, खूण नाही, आकडासुद्धा नाही.

सांधे मात्र दिसले. बहुतेक सांध्यांत पिवळसर पडलेलं ॲराल्डाइट होतं. फक्त पुढच्या बफर बीमपाशी, म्हणजे बफर ज्यावर बसतात त्या आडव्या पट्टीपाशी, चांदीसारखी चमक होती, म्हणजे तिथे सोल्डर. इथल्या मॉडेल रेल्वे क्लबमधल्या एका जाणकाराने सुचवलं की सगळं उकळत्या पाण्यात सोडा, ॲराल्डाइट मऊ पडतं, भाग सुटे होतील आणि प्रत्येक भाग पारखता येईल. सल्ला बरोबर होता. पण व्हाइटमेटलसाठी वापरतात ते सोल्डर ७० अंशांनाच वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्यात तेही सुटलं असतं. कोणा अनोळखी माणसाने जिवाचं रान करून काटकोनात बसवलेला बफर बीम नुसत्या कुतूहलापोटी सोडवायचा हे मला पटेना. भाग जोडलेलेच राहू दिले.

इथपर्यंत सगळं बॉडीवर चाललं होतं. खालच्या चासीकडे मी पाहिलं होतं, पण ती ट्राय-अँग या खेळण्यातल्या रेल्वेच्या कंपनीची आहे एवढं कळल्यावर विषय सोडून दिला होता. ट्राय-अँगची सहा चाकांची चासी या देशात रस्त्यावरच्या दगडांइतकी मुबलक. १९५३ साली त्यांनी ‘जिंटी’ काढली, म्हणजे एल.एम.एस. रेल्वेचं ३एफ वर्गाचं शंटिंगचं, यार्डात डबे हलवणारं इंजिन, आणि त्या चासीवर पुढे काय काय बसवलं याला गणती नाही. आतली एक्स-०४ मोटारही ओळखीचीच. ही मोटार कोणीही घरी खोलावी, साफ करावी, तेल घालून पुन्हा चालवावी, इतकी सोपी.

रविवारी पुण्याला मामाशी व्हिडिओवर बोलत होतो. मामा मध्य रेल्वेत लोको पायलट होता, कर्जतहून घाटात गाड्यांना मागून रेटणाऱ्या बँकरवर बरीच वर्षं काढलेला. त्याला इंजिन कॅमेऱ्यासमोर फिरवून दाखवलं.

“चाकं मोजलीस का?” त्याने विचारलं.

“मामा, चासी कोणाची ते कळलंय. बॉडीचं कळत नाहीये.”

“अरे, ते ठीक आहे. पण ही बॉडी या चाकांवर बसलीच कशी? खऱ्या इंजिनाची चाकं कुठे येतात, याची कुठे येतात, ते बघ की आधी.”

फोन ठेवला आणि व्हर्निअर काढला. मॉडेलचं प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर. ग्रेट वेस्टर्नच्या या जातीच्या इंजिनांत पुढच्या आणि मधल्या आसांत अंतर ७ फूट ३ इंच, मधल्या आणि मागच्या आसांत ८ फूट ३ इंच. म्हणजे मॉडेलवर २९ आणि ३३ मिलिमीटर यायला हवेत. माझ्या चासीवर आले जवळपास ३२ आणि ३४. जिंटीची खरी मापं ८ फूट आणि ८ फूट ६ इंच, तंतोतंत तीच. चाकांच्या व्यासावरून काही कळलं नसतं, कारण एकाचं चाक ४ फूट साडेसात इंच, दुसऱ्याचं ४ फूट ७ इंच. अर्ध्या इंचाचा फरक या प्रमाणात नखाएवढाही राहत नाही.

आता यातून दोनच गोष्टी निघू शकत होत्या. एक, बॉडी भलत्याच कंपनीची, तिची मूळ चासी बिघडली किंवा कधी नव्हतीच, आणि मालकाने घरात पडलेली जिंटी खाली ढकलली. असं खूप होतं. दोन, बॉडी पहिल्यापासून याच चासीसाठी घडवलेली. खरं-खोटं ठरवायला मी पुन्हा बॉडी उलटी केली. चासीचा पुढचा स्क्रू ज्या उंचवट्यात शिरतो तो उंचवटा ओतीव होता, मागाहून चिकटवलेला नव्हता. मोटारीसाठी मोकळी ठेवलेली जागाही ओतकामातलीच, कानशीने खरवडलेली नव्हे. मोटार केबिनपर्यंत शिरते तिथे कोणी काही कापलेलं नव्हतं, मुळातच तिथे भिंत नव्हती. म्हणजे ज्याने मूळ नमुना कोरला त्याच्या टेबलावर ट्राय-अँगची जिंटी होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ‘स्टीम’मध्ये गेलो. या वर्गाचं पहिलंच इंजिन, ९४००, तिथे जपून ठेवलेलं आहे. त्याच्या चाकांकडे इतकं निरखून मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. पुढची दोन चाकं एकमेकांना खेटलेली, मागचं दूर. अंतरात चक्क एक फुटाचा फरक, लांबूनही डोळ्यांत भरतो. माझ्या मॉडेलवर तिन्ही चाकं जवळपास सारख्या अंतरावर उभी.

तोवर मी मॉडेलमध्ये खरं काय काय जमलंय ते शोधत होतो. चिमणी बरोबर आहे का, छताचा उतार बरोबर आहे का. पण जे बरोबर आहे ते सगळ्यांचं सारखंच असणार, कारण खरं इंजिन एकच. कंपनी कळते ती तिने जिथे तडजोड केली तिथे. कोणाला कोणती चासी स्वस्तात मिळणार होती, कोणती मोटार मावली पाहिजे होती, गिऱ्हाइकाच्या खिशात काय होतं, हे सगळं मापांत चुकून राहतं. केजचा रिवाज असा की पुढेपुढे ते मोटार, चाकं आणि स्वतःची चासी सगळं एकाच डब्यात घालून देत. विल्सची चाल वेगळी. त्यांच्या बऱ्याच किटांत नुसती बॉडी असे, आणि चासी तुम्ही खेळण्यांच्या दुकानातून ट्राय-अँगची किंवा हॉर्नबी-डब्लोची आणायची. पोराचं जुनं इंजिन उचलायचं, कवच काढायचं, वर हे जड, देखणं कवच चढवायचं, की बापाचं इंजिन तयार. चाकं दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर झाली. तशीही या ‘डबल ओ’ पद्धतीत रूळच अरुंद असतात. खऱ्या ४ फूट साडेआठ इंचांचे पावणेएकोणीस मिलिमीटरच्या वर व्हायला हवेत, आणि वापरतात साडेसोळा. ज्यांनी ते पचवलं त्यांना आसांचं काय!

तेव्हा संशय विल्सवर पक्का झाला. क्लबच्या कपाटात जुन्या सूचनापत्रकांचं एक बाड आहे. मेलेल्या सभासदांच्या घरांतून आलेलं, कसल्याही क्रमाशिवाय दोरीने बांधलेलं. एक अख्खी संध्याकाळ त्यात गेली. पहिल्यांदा हाती लागलं ते जेमचं, मग केजच्या डीन गुड्स इंजिनाचं, मग अर्धं फाटलेलं कसलंसं, आणि मग विल्सच्या ९४०० चं. भाग सुटे करून दाखवणारं हाताने काढलेलं चित्र, खाली जोडणीचा क्रम. इंजिन शेजारी ठेवून एकेक सांधा ताडून पाहिला. मोठ्या सांध्यांवर माझा फारसा भर नव्हता, ते कुठल्याही पॅनिअरला तिथेच येतात. पण कुठला तुकडा कशासोबत एकाच ओतकामात आहे हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि ते सगळं जुळलं. चासीही जिंटीचीच सांगितलेली. एका ठिकाणी जोडणाऱ्याने सूचना न ऐकता पायऱ्या थोड्या आत घेतल्या होत्या. तेवढाच फरक.

एक प्रश्न उरला होता. विल्सची धातूची किटं पुढे साऊथ ईस्टर्न फाइनकास्टकडे गेली, आणि प्लास्टिकच्या इमारती वगैरे पिको कंपनीकडे. मग माझं किट जुन्या विल्सचं की नंतरच्या हातचं? ओतकाम एकाच वंशातलं, त्यावरून सांगणं कठीण. एक्स-०४ वरून काळ ठरवणं तर व्यर्थ, ती मोटार वर्षानुवर्षं असंख्य इंजिनांत बसत राहिली.

याचं उत्तर मोटार दुरुस्त करताना मिळालं. एक्स-०४ च्या ब्रशांवर, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्यांवर, एकच स्प्रिंग असते, आणि तिच्या एका बाजूला इन्सुलेशनची नळी. वीज वाहणारा भाग वर उघडा असतो. मूळ ट्राय-अँगची बॉडी प्लास्टिकची, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. पण वर धातूचं कवच चढवलं आणि ते जरा दबलं, की सरळ शॉर्ट. माझं इंजिन चालत नव्हतं त्याचं कारण हेच. जोडणाऱ्यालाही हे ठाऊक होतं. त्याने छताच्या आतून कागदाची घडी चिकटवली होती, जी सुकून एका कडेने सुटली होती. ती मी चिमट्याने अलगद काढली. वर्तमानपत्राचा कपटा. एका बाजूला फुटबॉलचं काहीतरी, दुसऱ्या बाजूला बुटांची जाहिरात, किंमत शिलिंग-पेन्समध्ये. ब्रिटनने दशमान नाणी आणली १५ फेब्रुवारी १९७१ ला. रद्दीतला जुनाट पेपर कोणी नंतरही वापरू शकतो, हे मान्य. पण टेबलावर हाताशी असतो तो त्याच आठवड्याचा पेपर. जुनं विल्सच, असं मी धरून चाललो आहे.

मामाला हे सगळं कळवलं तेव्हा त्याला कंपनीच्या नावात काडीचा रस नव्हता. त्याने विचारलं, “हे खरं इंजिन काय काम करायचं?” म्हटलं, लंडनला पॅडिंग्टन स्टेशनात रिकामे डबे ओढून आणायचं, आणि बर्मिंगहॅमच्या खाली लिकी नावाचा चढ आहे तिथे गाड्यांना मागून रेटायचं. चढ किती, त्याचा पुढचा प्रश्न. ३७.७ ला १, म्हणजे ३७.७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. मामा खूश. “आपला बोरघाट ३७ ला १. म्हणजे आमच्याच बिरादरीतलं की!”

लिकीवर हे पॅनिअर येण्याआधी रेटायला कोण होतं, ते मात्र मी त्याला नंतर सांगितलं. जिंट्या. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात ९४०० वर्गाने त्यांची जागा घेतली. खऱ्या जगात ज्यांना हटवलं त्यांच्याच पायांवर माझं पॅनिअर उभं आहे. मामा इतका हसला की मामीने येऊन फोन हातात घेतला.

क्लबमध्ये आता वेगळाच वाद चालू आहे. एका गटाचं म्हणणं, अचूक मापांची पितळी चासी आणा, चाकं जागेवर जातील, इंजिन खरं दिसेल. दुसऱ्या गटाचं म्हणणं, मग ते विल्सचं किट कुठे राहिलं? मी दुसऱ्या गटात आहे. कागदाच्या घडीच्या जागी प्लास्टिकची पातळ पट्टी बसवली, नवे ब्रश घातले, एक बफर दुसऱ्या मोडक्या इंजिनाचा लावला. वळणावर मागचं चाक अजून थोडं अडखळतं. डब्यावरच्या चिठ्ठीत लिहिलं: ९४०० वर्ग, बॉडी विल्स फाइनकास्ट, चासी ट्राय-अँग जिंटी, बहुधा १९७१ पूर्वी. कपटा त्याच डब्यात एका पाकिटात घालून ठेवला आहे, माझ्यानंतर ज्याच्या हाती पडेल त्याला हवं तर माझं म्हणणं तपासून घेता येईल.